घरातली गाडी आणि तिचे चार टायर

माझ्या साडूला मी माफ केलेलं नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे वाचणाऱ्याने उगाच गोड शेवटाची वाट बघू नये.

साडू धुळ्याचा. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. बी-बियाणं आणि फवारणीच्या औषधांचं दुकान आहे त्याचं. बोलणं इतकं गोड, की त्याच्या गोदामातल्या युरियाला मुंग्या लागतात. सगळे त्याला नाना म्हणतात, मीही म्हणतो, तोंडावर. पाठीमागे काय म्हणतो ते छापण्यासारखं नाही.

मी जळगावचा. पाण्याच्या मोटारींचं रिवाइंडिंग करतो, तीस वर्षं झाली. शेतकरी टेम्पोतून मोटार उतरवतो, ती जमिनीला टेकायच्या आत मी सांगतो, कॉपर जळालंय की बेअरिंग गेलंय. सावद्याच्या एका केळीवाल्याने एकदा फोनवर नुसता मोटारीचा आवाज ऐकवला. मी म्हटलं, मोटार ठणठणीत आहे, पाइपात बेडूक अडकलाय, मोठा, बहुतेक डाव्या कुशीवर. निघाला. असा मी माणूस. आणि या माणसाने एक लाख नव्वद हजारांची जुनी गाडी घेतली ती बॉनेट न उघडता, चाकाकडे न वाकता. का, ते सांगतो.

बायको जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. जळगावजवळच्या गावातून तिची बदली झाली ती थेट सावद्याच्या पुढे, केळीच्या बागांच्या पोटात दडलेल्या एका गावात. सकाळी पावणेसहाची एसटी, मग काळीपिवळी, आणि शेवटचे दोन किलोमीटर पायी. काळीपिवळीत दहा माणसांची जागा, चोवीस बसायची, वर दोन बोकड. एक अख्खं वर्ष तिने मागच्या फळीवर बसून काढलं. कंबरेचं पार भुस्कट झालं. एप्रिलमध्ये तिने जाहीर केलं, "जूनमध्ये शाळा उघडेल तेव्हा मी माझ्या गाडीने जाईन. नाहीतर राजीनामा."

गाडी तीच चालवणार होती. मला येत नाही. शिकायला गेलो होतो, तिसऱ्याच दिवशी रसवंतीच्या चरकात बंपर घातला. रसवाला अजून रस्त्यात भेटला की विचारतो, "काका, आज काय पिळायचं?"

जुनी गाडी शोधतोय ही बातमी धुळ्याला पोचायला किती वेळ लागणार? दोघी बहिणी रोज दुपारी चार वाजता फोनवर बोलायच्या. आमच्या घरात दूध उतू गेलं की धुळ्याला ते खरवडायला कोणी तरी उठायचं, इतका तो फोन. दुसऱ्याच दिवशी साडूचा फोन आला, त्याच्या अहिराणीत.

"भाऊ, मी नवी गाडी लेयेल शे. जुनी दारशी उभी शे. घरनी गाडी बाहेरनाले देऊ का?"

आता आमच्या अजिंठा चौफुलीजवळ एक मिस्तरी आहे, माझ्या जुन्या ओळखीचा. तो म्हणाला, "काका, मला धुळ्याला घेऊन चला. चाक काढतो, ब्रेक बघतो, खालून एक नजर टाकतो. पैसे नको, चहा पाजा."

मी हो म्हणणार तेवढ्यात बायको आतून आली. "माझ्या बहिणीच्या दारात तुम्ही मिस्तरी नेणार? तिला काय वाटेल? लग्नाआधी माझ्या वडिलांनी तुमचं चाक काढून बघितलं होतं का?"

"बघायला पाहिजे होतं, काकू," मिस्तरी म्हणाला.

तर मिस्तरी राहिला जळगावात. खानदेशात माणूस सख्ख्या भावाची जमीन मोजून घेईल, पण एका जावयाने दुसऱ्या जावयाची गाडी तपासायची, हे होत नाही. म्हणजे दोघांची सोयरीकच तपासल्यासारखं होतं. लोक वर्षानुवर्षं नावं ठेवतात.

त्यात साडूने दिवस कोणता काढावा? आखाजीचा. आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, आमच्याकडे लेकींचा सण. लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, घरोघर मांडे आणि आंब्याचा रस, आणि पुरुषांना दिवसाढवळ्या पत्ते कुटायची मुभा. नवी वस्तू घ्यायला मुहूर्तही लागत नाही, अख्खा दिवसच मुहूर्त. आमची सासुरवाडी धुळ्यातलीच. गाडी तिथेच अंगणात, निंबाखाली आणून उभी केलेली. पांढरी, धुतलेली, वर हार.

मी सरळ गाडीकडे निघालो. साडूने मधेच दंडाला धरलं.

"पहिले जेवा भाऊ, मंग देखा."

जेवण! लोक म्हणतात मांडा रुमालाएवढा असतो. माझ्या सासूबाईंचा मांडा पलंगपोसाएवढा असतो, त्याच्या घडीत एक लहान मूल झोपवता येतं. त्यावर तुपाची धार, शेजारी रसाची वाटी, वाटी कसली, ती बादलीची धाकटी बहीण. आणि वाढायला कोण? स्वतः साडू. ज्या माणसाने स्वतःच्या लग्नात पाण्याचा तांब्या उचलला नाही, तो कमरेला उपरणं बांधून माझ्या ताटात मांडे टाकत होता. "एक अजून. जावई मानूस शेतस तुम्ही." अरे, जावई तर तूही आहेस! पण तू चार घास खाऊन हात धुतलास, हे माझ्या लक्षात आलं नाही. सहाव्या मांड्यानंतर मला माझे पायही दिसेनात. पोट आणि पृथ्वी यांच्यात काही अंतरच राहिलं नाही. दोन मेहुण्यांनी धरून मला गाडीपर्यंत नेलं. अशा अवस्थेत माणूस टायर बघायला वाकेल? वाकलो असतो तर आज हे लिहायला उरलो नसतो.

तरी मी विचारलं. तेवढी शुद्ध होती. "नाना, टायर?"

"टायरले काय व्हयनं? हात लावी देखा."

टायर असे चमकत होते की मी त्यात बघून भांग पाडला. हात लावला तर तळवा काळाकुट्ट. म्हटलं, हे काय? साडू म्हणाला, "नवं रबर शे. नवं रबर हातले लागस." आणि मी, मोटारीच्या आवाजावरून बेडकाची कूस ओळखणारा मी, मान डोलावली. ते पॉलिश होतं. जितकं लावलं होतं तेवढ्यात धुळ्यातल्या अख्ख्या पोलीस परेडचे बूट निघाले असते.

सासूबाईंनी चार चाकांखाली चार लिंबं ठेवली. बायको स्टीअरिंगवर बसली, गाडी पुढे गेली. तीन लिंबं फुटली. चौथं टायरखालून तसंच गुळगुळीत घरंगळून बाहेर आलं, जसं काही त्याच्या अंगावरून पिसू गेली. रबराला पकड असती तर फुटलं असतं. सासूबाई म्हणाल्या, "अखंड राहिलं, शुभ शे." मी चेक दिला. साडूने तो कपाळाला लावला. निघताना ताई, म्हणजे बायकोची बहीण, खिडकीशी येऊन म्हणाली, "सावकाश जा गं." बस.

धुळे ते जळगाव नव्वद किलोमीटर. मी डाव्या सीटवर. पहिल्या वीस किलोमीटरमध्ये काही नाही, कारण ब्रेक दाबायची वेळच आली नाही. पारोळ्याच्या अलीकडे बैलगाडी आडवी आली. बायकोने पाय दाबला. गाडीने असा आवाज काढला की पारोळ्यातली कुत्री उठून उत्तर द्यायला लागली. गाडी थांबली का? विचार करायला लागली. बायकोने पाय सोडला, परत दाबला, परत सोडला, परत दाबला. चौथ्या दाबाला गाडीने मनावर घेतलं. बैलाच्या शेपटीने काच पुसली.

"नवीन गाडीचा अंदाज नाही तुला," मी म्हटलं.

"नवीन?" ती म्हणाली. एवढंच.

पुढे मी माझ्या पायाखालचा पत्रा दाबत बसलो होतो. डावीकडे ब्रेक नसतो हे मला माहीत आहे, पण पायाला कोण सांगणार? एरंडोलपर्यंत त्या पत्र्याला माझ्या टाचेचा खळगा पडला. टोलनाक्यावर गाडी आडव्या दांड्याला मुका देऊन थांबली. आतल्या माणसाने पैसे घेताना माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "बाबा, उतरून पायी जा."

घरी पोचलो. बायकोने चावी टेबलावर ठेवली. मग ती बराच वेळ भांडी घासत बसली. घासलेलीच भांडी.

दुसऱ्या दिवशी मिस्तरीने गाडी जॅकवर चढवली, पुढचं चाक काढलं आणि गप्प उभा राहिला. तो गप्प राहिला की खर्च वाढतो, हे मला ठाऊक आहे.

"काका, ब्रेकचे पॅड कुठे आहेत?"

"तूच सांग."

"नाहीत. घासून संपले. लोखंडावर लोखंड चाललंय. त्याने डिस्कही खाल्ली." मग मागचं चाक काढलं, ड्रम उघडला. आतले शू कागदाइतके उरलेले, सिलिंडर गळत होता, आणि सगळ्यावर तेलाचं चिकट काळं किटण. "याने गाडी थांबत नाही काका, याने गाडी फक्त ओरडते."

"आणि टायर?"

त्याने गोणपाट रॉकेलमध्ये बुडवून टायर पुसला. काळी चमक गोणपाटावर आली आणि खालून माझ्या टाळूसारखा टायर दिसायला लागला. बाजूला चार आकडे असतात, कोणत्या आठवड्यात, कोणत्या वर्षी टायर बनला ते सांगणारे. चार चाकांवर चार वेगवेगळी वर्षं. मागच्या डाव्या टायरचा आकडा वाचून त्याने हात जोडले. "हा तुमच्या मुलीपेक्षा मोठा आहे. पाया पडा." माझी मुलगी इंजिनिअरिंगला आहे.

"यावर काकू केळीच्या ट्रकांमधून सावद्याला जाणार?" तो म्हणाला. आता त्याच्या बोलण्यात चेष्टा नव्हती. "पुढच्या टायरची तार वर आलीय. ऊन तापलं की फुटेल. आणि फुटला की ब्रेक नाहीत."

मी तिथेच साडूला फोन लावला.

"नाना, गाडीला ब्रेक नाहीत."

"भाऊ, मी चार वरीस चालाडी. माले कधी ब्रेक लागनाच नहीं."

"पॅड संपलेत! लोखंड घासतंय!"

"बायका ब्रेकवर पाय ठेईसन गाडी चालाडतस. त्यान्हामुळे घसाई ग्यात."

"नव्वद किलोमीटरमध्ये?"

"पारोळानी गरमी देखी ना तुम्ही?"

मी म्हटलं, टायर चार, ब्रेक पुढचे-मागचे, सगळा खर्च तुम्ही द्या. पैशाची गोष्ट निघाली की साडू अहिराणी अंगणात सोडतो आणि शुद्ध पुस्तकी मराठीत शिरून दार लावून घेतो. "व्यवहार पूर्ण झालेला आहे, भाऊ. वाहन आपण समक्ष पाहिलेलं आहे, हात लावून खात्री केलेली आहे. चार माणसं साक्षीला होती." होती की! त्यांतल्या दोघांनी मला धरून उभं केलं होतं.

मी त्या फोनवर जे बोललो ते ऐकून मिस्तरीने स्वतः उठून कंप्रेसर चालू केला, आवाज दबावा म्हणून. चौफुलीवरचा वाहतूक पोलीस तरी आत डोकावून गेला.

ब्रेकचे लागले तेरा हजार. मग टायरच्या दुकानात. तिथला माणूस एखाद्या वधूपित्यासारखा समोर बसवतो, आधी मठ्ठा देतो, मग एकेक गोष्ट काढतो. दोन टायर घेऊन भागेल का विचारलं तर म्हणाला, "भागेल की. पुढे नवीन, मागे म्हातारे. पावसात गाडीचं तोंड सावद्याला आणि मागचं अंग भुसावळला." चार घेतले. मग व्हॉल्व्ह. मग अलाइनमेंट. मग बॅलन्सिंग. प्रत्येक चाकाला शिशाचे इवलेसे तुकडे चिकटवले आणि त्यांचेही पैसे लावले. मी म्हटलं, फुगवायची हवा फुकट आहे का तीही मोजून विकता? एकूण आकडा गेला एकतीस हजार आठशेवर. एवढ्यासाठी मी अकरा मोटारी वाइंड करतो, घाम गाळून, पंख्याखाली नाही.

त्याच वेळी त्याने विचारलं, "स्टेपनी बघू का?" मी म्हटलं, बघ बाबा, तीही चंद्रगुप्ताच्या काळातली असेल. त्याने डिकीतली सतरंजी उचलली, स्टेपनी बाहेर काढली, आणि तिच्या खालच्या खड्ड्यातून एक घडी केलेला, तेल लागलेला कागद माझ्या हातात दिला. "हा तुमचा आहे का?"

कागद एका शोरूमचा होता. नवी गाडी घेताना जुनी बदल्यात देतात, तेव्हा शोरूमचा माणूस जुनी गाडी तपासून भाव लावतो. तो तपासणीचा कागद. तारीख आखाजीच्या बारा दिवस आधीची. टायर: चारही बदलणे. ब्रेक: पुढचे पॅड, मागचे शू संपलेले, चालवण्यास धोकादायक, त्वरित बदलणे. या शब्दांखाली लाल शाईने रेघ. भाव: एक लाख वीस हजार. आणि सगळ्यात खाली, वाचून मान्य केल्याची, साडूची सही. त्या सहीची शेपटी मी कुठेही ओळखेन. लग्नाच्या आहेराच्या वहीत ती तीन ओळी खाते.

मी तोवर त्याला लबाड समजत होतो. जुनी गाडी विकताना लबाडी कोण करत नाही? मीही जुन्या मोटारीला रंग मारून विकलेली आहे. पण रंग मारलेली मोटार विहिरीत बसते, तिच्यात कोणी बसत नाही. हा माणूस वाचून, सही करून, कागद स्टेपनीखाली लपवून, तो काढायचंही विसरून, मेहुणीला त्या गाडीच्या स्टीअरिंगवर बसवून हात हलवत उभा होता.

घरी जाऊन कागद बायकोसमोर ठेवला. मला वाटलं, आता धुळे पेटणार. तिने वाचला. परत वाचला. शिक्षिका आहे, लाल रेघेवर तिचं बोट थांबलं. मग तिने विचारलं, "ताईला माहीत असेल?"

"विचार की. चार वाजतायत."

"विचारलं, आणि ती हो म्हणाली तर?"

पैशाचं भांडण मला येतं; ते मी दिवसाला तीन वेळा करतो. हे दुसरंच होतं. त्या दिवशी चार वाजता फोन वाजला, वाजत राहिला, थांबला. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी वाजला नाही. सासूबाईंनी मला वेगळा फोन करून विचारलं, "पोरींचं काय बिनसलं?" मी म्हटलं, गरमी फार आहे.

शाळा उघडली. बायको सकाळी सात वाजता गाडी घेऊन निघायला लागली, फैजपूरमार्गे, केळीच्या ट्रकांमधून. नवे टायर, नवे ब्रेक, गाडी रांगेत उभ्या केलेल्या पोरांसारखी वागत होती. कंबर दुखायची थांबली. पण दुपारचे चार वाजले की ती घरी असली तर उगाच उठून काही तरी आवरायला लागायची.

तिचं दुःख तिने गिळलं. मी माझा राग गिळणाऱ्यांतला नाही. मी त्या कागदाला लॅमिनेशन केलं आणि दुकानात, गिऱ्हाइकाच्या बरोबर डोळ्यांसमोर, खिळ्याला टांगलं. वर काही लिहिलं नाही. लिहायची गरज काय? प्रत्येक जण विचारायचा, "शेठ, हे काय?" आणि मी सांगायचो. प्रत्येक वेळी थोडं वाढवून. पहिल्या आठवड्यात गाडी पारोळ्याला थांबली नव्हती, तिसऱ्या आठवड्यात ती तापी ओलांडून गेली. आमच्या दुकानात रावेरपासून अमळनेरपर्यंतचा शेतकरी येतो, आणि शेतकऱ्याची मोटार जळालेली असते तेव्हा त्याला दुसऱ्याच्या फसवणुकीची गोष्ट फार गोड लागते. अमळनेरच्या माणसाने ती धुळ्याला नेली. साडूच्या दुकानात बियाणं घ्यायला गेलेला एक जण म्हणे म्हणाला, "नाना, पाकिटावरची तारीख खरी शे ना? का पॉलिश मारी ठेयेल शे?"

साडूचा फोन आला. शुद्ध मराठीत. "भाऊ, तो कागद उतरवा. माझी बदनामी होते आहे."

"तुमचीच सही आहे, नाना. या आणि घेऊन जा. दर अर्ध्या तासाला एसटी आहे. गाडी नका आणू, रस्त्यात ब्रेक लागेल."

"मी वकिलाकडे जाईन."

"जा. त्याची मोटार माझ्याकडेच वाइंडिंगला आहे."

तो आला नाही. पंधरा दिवसांनी, एका भर दुपारी, दुकानाच्या दारात ताई उभी. एकटी. एसटीने आलेली, डोक्यावर पदर, चेहरा उन्हाने आणि रागाने लाल. मी उठून उभा राहिलो, "अक्का, या, बसा."

"बसायले नही येल मी. कुठे शे तो कागद? एका हळदीत माले बाया सांगतस, तुम्हनी गाडीना कागद जळगावमा टांगेल शे. माझ्या नवऱ्याची इज्जत तुम्ही खिळ्याला टांगली? तीस-बत्तीस हजारांसाठी? बहिणीने फोन बंद केला, तेही तुम्हीच शिकवलं असेल!"

दुकानात दोन गिऱ्हाइकं होती. दोघंही आपापल्या मोटारींकडे फार बारकाईने बघायला लागले.

मी खिळ्याकडे हात केला. "वाचा. मग तुम्हीच उतरवा."

तिने पिशवी खाली ठेवली, चष्मा काढून लावला आणि कागदाजवळ गेली. बोट ठेवून एकेक ओळ वाचली. लाल रेघेपाशी बोट थांबलं, अगदी तिच्या बहिणीचं थांबलं होतं तिथेच. मग खाली सहीपर्यंत आलं. तारखेवर गेलं. परत सहीवर आलं.

"बारा दिवस आधी," ती म्हणाली.

"हो."

"आखाजीच्या दोन दिवस आधी मी त्यांना म्हटलं होतं, माझी बहीण चालवणार आहे, बाईमाणूस, ट्रकांचा रस्ता. ब्रेक करून द्या. पैसे नाहीत म्हणाले, नव्या गाडीत गेले. मी माझ्याकडचे पाच हजार काढून दिले. संध्याकाळी येऊन म्हणाले, केले ब्रेक, नवेकोरे. उरले पाचशे परत दिले मला." तिने चष्मा काढला. "पाचशे परत दिले, म्हणून मी विश्वास ठेवला."

मी त्या माणसाला काय समजत होतो! मला फसवलं, ठीक. मेहुणीला त्या गाडीत बसवलं, त्यासाठी मी त्याला खिळ्याला टांगलं. पण स्वतःच्या बायकोकडून तिच्या बहिणीच्या ब्रेकचे पैसे घ्यायचे, ते खिशात घालायचे आणि खरं वाटावं म्हणून पाचशे परत करायचे! एवढी कारागिरी माझ्या धंद्यात असती तर मी आज मोटारी नाही, विमानं वाइंड केली असती.

ताई खुर्चीवर बसली. मी पाणी दिलं. तिने ते प्यायलं नाही, हातात धरून राहिली. "तिला वाटत असेल मला माहीत होतं."

"तिने विचारलं नाही. विचारायची हिंमत झाली नाही."

"वेडी आहे," ताई म्हणाली, आणि पदराने डोळे नाही, चष्मा पुसला.

तेवढ्यात बाहेर गाडी थांबली. बायको शाळेतून घरी जाताना रोज दुकानावरून जाते. ती उतरली, आत आली आणि दारातच उभी राहिली. दोघी एकमेकींकडे बघत होत्या. मला वाटलं आता रडारड, गळ्यात पडणं. मी गिऱ्हाइकांना बाहेर काढायच्या तयारीत होतो.

ताईने विचारलं, "ब्रेक लागतात का गं आता?"

"लागतात."

"धुळ्यापर्यंत?"

बायकोने माझ्याकडे बघितलं, मग कागदाकडे, मग बहिणीकडे. सगळं तिला त्या क्षणात कळलं असं मी म्हणणार नाही. उरलेलं ताईने गाडीत सांगितलं असेल. बायकोने फक्त चावी परत हातात घट्ट धरली.

ताई उठली आणि खिळ्यावरून कागद स्वतःच्या हाताने उतरवला.

"अक्का, झेरॉक्स काढून देऊ?" मी विचारलं. "शेजारीच आहे."

"नको. अस्सलच पाहिजे."

दोघी गाडीत बसल्या. मी शटर अर्धं ओढून गाडीच्या मागच्या दाराशी गेलो. तीस वर्षं मोटारी बांधून मी एवढंच मागत होतो, साडूच्या ओट्यावर एका कोपऱ्यात उभं राहून त्याचं तोंड बघायचं. बायकोने काच खाली केली. "तुम्ही दुकान सांभाळा." गाडी चौफुलीच्या सिग्नलला थांबली, आवाज न करता, जिथे थांबायला पाहिजे बरोबर तिथे, आणि मग पारोळ्याच्या दिशेला वळली. गाडी चालवायला शिकलो नाही याचं एवढं वाईट मला कधी वाटलं नव्हतं. नाहीतर कुणाची तरी गाडी मागून घेऊन मागे गेलो असतो.

तिथे काय झालं ते दोघींपैकी एकीनेही मला आजवर सांगितलेलं नाही. चारच्या फोनवर त्या हळू बोलतात आणि मी आत आलो की विषय बदलतात. म्हणून मी स्वतःच तीन-चार प्रकार तयार ठेवलेत, गिऱ्हाईक बघून सांगतो. एकात साडू युरियाच्या गोण्यांमागे लपतो. एकात सासूबाई हातात लाटणं घेऊन येतात. पण एक मात्र सगळ्यांत ठेवलंय: तो त्या लाल रेघेकडे बघून शुद्ध मराठीत काही तरी बोलायला तोंड उघडतो, आणि ताई म्हणते, "आपली भाषामा बोल."